उघडणारे सगळे, बंद करणारं एकच

घरात फिरणारी बारीक मुंगी सहसा पाकीट फोडून आत शिरत नाही. तिला आयती वाट मिळते, आणि ती वाट बहुतेक वेळा आपणच ठेवलेली असते, क्वचित कारखान्यानं. "पाकीट तर बंद होतं, मग मुंग्या लागल्या कशा?" हा प्रश्न आमच्या घरात वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा सूर असा असतो की चूक मुंग्यांचीच. मी उत्तर देत बसत नाही. पाकीट मागून घेते आणि उजेडाकडे धरते.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचा अभ्यास करणारे लोक किड्यांचे दोन ढोबळ गट पाडतात: पोखरून शिरणारे आणि फटीतून घुसणारे. धान्य पोखरणारे काही भुंगेरे, सिगारेट बीटल नावाचा तपकिरी किडा, काही पतंगांच्या अळ्या हे पहिल्या गटातले. कागद किंवा पातळ प्लॅस्टिक त्यांना अडवू शकत नाही. मुंगी दुसऱ्या गटातली. थोडंफार कुरतडणं तिलाही जमतं, पण दार उघडं असताना भिंत कोण पाडेल?

हे दार नेमकं कुठे असतं ते बिस्किटांच्या लांबट पाकिटावर छान दिसतं. पाकीट म्हणजे मुळात प्लॅस्टिकचा एक सपाट पट्टा. तो बिस्किटांभोवती गुंडाळून पाठीवर एक उभी शिवण घालतात, दोन्ही टोकं उष्णतेनं दाबून बंद करतात, आणि टोकांना त्या बारीक रेघांची नक्षी उमटते. आता टोकाकडे नीट बघा. बाकी सगळीकडे प्लॅस्टिकचे दोन थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण पाठीची शिवण दुमडून जिथे टोकाखाली येते, तिथे थर होतात चार. दोनाचे चार होतात त्या पायरीपाशी दाब सारखा बसत नाही आणि केसाएवढी एक नळी राहून जाऊ शकते. शंका असेल तर पाकीट पाण्यानं भरलेल्या पातेल्यात बुडवून हलकेच दाबायचं. गळकं असेल तर बुडबुड्यांची माळ बहुधा त्याच कोपऱ्यातून वर येते. (हा प्रयोग लगेच खायच्या पाकिटावरच करावा. बुडबुडे बाहेर येतात तिथून पाणी आतही जातं, आणि मग घरातल्यांची बोलणी मुंग्यांना नाही, आपल्याला खावी लागतात.)

केसाएवढ्या नळीतून मुंगी जाईल का, हा प्रश्न तिच्या डोक्याच्या मापाचा आहे. पोट दबतं, पाय अंगाशी घेता येतात, डोकं मात्र कडक. जिथून डोकं जातं तिथून बाकीचं अंग जातं. जगभरच्या घरांत आढळणारी फॅरो मुंगी जेमतेम २ मिलिमीटर लांब असते, आणि तिचं डोकं अर्धा मिलिमीटर भरेल न भरेल. फिकट पोटाची, हातावर चढली तरी पटकन दिसत नाही अशी घोस्ट मुंगी त्याहूनही लहान. तेव्हा "एवढ्याशा फटीतून काय जाणार" हे वाक्य आपण आपल्या बोटाच्या मापानं बोलत असतो.

तरीही कारखान्याच्या शिवणीला मी फार दोष देणार नाही. ती एकदाच टिकायची असते आणि बहुतेक वेळा टिकते. खरी गोष्ट सुरू होते ती पाकीट फोडल्यावर. त्या क्षणी राखणीचं काम कारखान्याकडून घराकडे येतं, आणि घरात ते कुणी अंगावर घेतलेलं नसतं.

आमच्या घरी उघडायला सगळ्यांना येतं. बंद करायच्या मात्र प्रत्येकाच्या तऱ्हा. नवरा झाकण ठेवतो, लावत नाही. मुलगा पाकिटाचं तोंड पिळून त्यावर दुसरं काहीतरी वजनदार ठेवून देतो. मुलगी रबरबँड लावते आणि मग हक्कानं सांगते, "आई, मी बंद केलं होतं हं!" तिचं खरंच असतं, पण रबरबँड दिसायला घट्ट, कामाला पोकळ. पिशवीचं तोंड गोळा करून बांधलं की त्यात चुण्या पडतात, आणि प्रत्येक चुणी हा वरपासून आतपर्यंत जाणारा एकेक बोगदाच असतो. त्यापेक्षा तोंड सपाट धरावं, आतली हवा काढावी, तीन-चार घट्ट घड्या घालाव्यात आणि रुंद चिमटा लावावा. पूर्ण बंद ते तरीही होत नाही, पण वाट लांबते आणि वासही कमी सुटतो. खोक्यातल्या पदार्थांची आणखी एक गंमत आहे. आपण पुठ्ठ्याचं झाकण नीट खाचेत बसवतो आणि आतली पिशवी तशीच आ वासून ठेवतो. पुठ्ठ्याचं खोकं मुंगीसाठी नसतंच. ते दुकानात उभं राहण्यासाठी असतं.

म्हणून मग बरण्या. काचेची, फिरकीच्या झाकणाची बरणी म्हणजे अभेद्य किल्ला, असं वाटतं. काच गुळगुळीत असली तरी मुंगीच्या पायांना अगदी पातळ ओलसर थर सोडणाऱ्या गाद्या असतात, त्यांच्या जोरावर ती काचेवर सहज चढते. झाकणाचे आटे तिला अडवत नाहीत. आटा ही वर जाणारी वळणाची वाटच आहे. ती गोल गोल फिरत बरणीच्या ओठापर्यंत येते. तिथे तिला अडवतं ते एकच: झाकणाच्या आतलं मऊ कडं, जे ओठावर दाबून बसतं. ते कडं कडक झालं, चिरलं, किंवा धुताना निघून हरवलं, की झाकण नुसतं शोभेचं.

आणि कडं धड असतानाही मुंग्या आत गेल्या, तर बरणीच्या ओठावरून बोट फिरवून बघावं. चमच्यातून सांडलेला साखरेचा एखादा दाणा तिथे चिकटलेला असतो. साध्या साखरेचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तो ओठ आणि कडं यांच्यात अडकला की झाकण तेवढंच वर उचललं जातं. म्हणजे मुंगीच्या डोक्याच्या मापाची फट तिला साखरच करून देते. तेव्हापासून बरणी बंद करण्याआधी ओठ कोरड्या फडक्यानं पुसायची सवय मी हाताला लावून घेतली. मधाच्या आणि जॅमच्या बाटल्यांना तर ओठाबरोबर बाहेरचा ओघळही पुसावा लागतो. आतला मध सुरक्षित असतो हो, पण बाहेरचा तो एक थेंब अख्ख्या वस्तीला बोलावणं धाडतो.

हे बोलावणं जातं कसं? सगळ्या मुंग्या काही वास घेत एकदम चालून येत नाहीत. आधी येते एकटी. ओट्यावर नागमोडी, दिशा नसल्यासारखी फिरत असते ती. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि द्यायचं तर तिच्याकडेच द्यायला हवं. तिला काही सापडलं की ती घरी परतताना पोटाचं टोक जमिनीला टेकवत जाते आणि वासाची बारीक रेघ सोडते. त्या रेघेवरून दुसऱ्या येतात, त्याही भरल्या पोटी परतताना रेघ गडद करतात. खाणं संपलं की रेघ ओढणारं कुणी उरत नाही आणि वास उडून जातो. फॅरो मुंग्यांचा तर आणखी कावेबाजपणा २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला: ज्या फाट्यावर खाणं नाही, त्याच्या तोंडाशी त्या 'इकडे जाऊ नका' अशा अर्थाचा वेगळा वास लावून ठेवतात. आणि या सगळ्या धावपळीत बाहेर पडणाऱ्या असतात त्या वयानं मोठ्या कामकरी मुंग्या. तरुण मुंग्या आत पिल्लं सांभाळतात. आपल्या साखरेवर चाल करून येते ती वस्तीतली ज्येष्ठ मंडळी.

या रेघेचा सगळ्यात सुंदर उपयोग मला वाचायला मिळाला तो एका भौतिकशास्त्रज्ञाचा. रिचर्ड फाइनमन, ज्यांना पुढे १९६५ साली नोबेल मिळालं, ते प्रिन्स्टनला शिकत असताना त्यांच्या खोलीतल्या खाण्यापर्यंत मुंग्यांनी रांग लावली होती. त्यांनी ना औषध मारलं ना जमीन पुसली. मुंग्या जिथून आत येत होत्या तिथे जवळच थोडी साखर ठेवली आणि कागदाच्या कपट्यांवर एकेका मुंगीला उचलून साखरेवर नेऊन सोडायला लागले. खाण्याकडे निघालेली मुंगी साखरेवर, खाण्याकडून परतणारीही साखरेवर. साखरेवरून घरी जाणारी रेघ गडद होत गेली, खाण्याची रेघ फिकी पडत गेली, आणि तासाभरात खाण्याजवळ एकही मुंगी उरली नाही. एवढा वेळ आणि एवढे कपटे माझ्याकडे नाहीत. पण शत्रू मुंगी नाही, रेघ आहे, हे त्या गोष्टीतून मला पटलं. साबणाच्या पाण्यानं रेघ पुसली की रांग विस्कटते, थोडा वेळ तरी सगळ्या गोंधळतात. तेवढ्या वेळात रेघ कुठे जात होती तो पदार्थ शोधून उचलायचा. नुसतं पुसून खाणं तिथेच ठेवलं तर पुन्हा एकटी येते, पुन्हा रेघ.

मुंग्या नक्की नेतात काय, हेही बघण्यासारखं आहे. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळता येत नाही. तोंडात चाळणीसारखी सोय असते आणि पोटात जातो तो फक्त रस. गोड रस ती स्वतःच्या पोटात आणि वस्तीसाठी राखलेल्या वेगळ्या पोटात भरून नेते, मग तोंडाला तोंड लावून दुसऱ्यांना देते. बिस्किटाचा चुरा, चीजचा कण वगैरे पुष्कळ जातींत अळ्यांसाठी जातं. त्या पचवतात आणि मोठ्यांना पुन्हा पातळ रूपात मिळतं. म्हणूनच वस्तीत अळ्या भरपूर असल्या की त्याच मुंग्या साखर सोडून पीनट बटरकडे वळतात, आणि आपण म्हणतो, "यांना आता गोड नको झालं वाटतं!"

आता आतच निघाल्या तर? साखरेच्या बरणीत मुंग्या दिसल्या की घरात दोन पक्ष पडतात: टाकून द्या आणि काही होत नाही. मी पदार्थ बघून ठरवते. साखर असेल तर बरणी उघडी करून उजेडात ठेवते, कडेवर मधूनमधून टिचकी मारते. मुंग्यांना हादरे आवडत नाहीत, रांगेनं बाहेर पडतात. उरल्यासुरल्या चाळणीत निघतात. पीठ, दूध पावडर यांचं असं जमत नाही. भुकटीतून मुंगी वेगळी काढणं कठीण, आणि ती आत येण्याआधी कुठे कुठे फिरून आली ते तिलाच ठाऊक. १९७२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात इस्पितळांतल्या फॅरो मुंग्यांवर एक लेख आला होता. त्यांच्या अंगावर रोगजंतू सापडले होते. घर म्हणजे इस्पितळ नव्हे हे मान्य, पण मोरी आणि कचऱ्याचा डबा प्रत्येक घरात असतो. बाळाच्या दुधाच्या पावडरमध्ये एक जरी मुंगी दिसली तर मी डबा ठेवत नाही. तिथे काटकसर नको.

दुसऱ्या टोकाचा घाबरटपणाही नको. किड्यांचा अंश नसलेलं अन्न ही कल्पनाच मुळात थोडी भाबडी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या यादीप्रमाणे गव्हाच्या पिठात दर ५० ग्रॅममागे सरासरी ७५ किंवा जास्त कीटकांचे तुकडे निघाले तर त्यांनी हस्तक्षेप करायचा. पीनट बटरसाठी हा आकडा १०० ग्रॅममागे ३०. त्याच्या खाली असेल तर माल चालतो. माझ्या मुलानं हे ऐकल्यावर पीनट बटरची बाटली हळूच माझ्या बाजूला सरकवली होती.

उपायांच्या बाबतीत मात्र घरात माझं कुणाशी पटत नाही. रांग दिसली की हात स्प्रेकडे जातो, कारण स्प्रेनं लगेच मेलेल्या मुंग्या दिसतात. दिसतात त्या फक्त बाहेर पडलेल्या. राणी आणि पिल्लं भिंतीच्या फटीत सुखरूप असतात. फॅरो मुंग्यांचं तर याहून वाईट होतं. त्यांच्या एका वस्तीत अनेक राण्या असतात. फवारणीनं त्रास झाला की काही राण्या, काही कामकरी आणि थोडी पिल्लं घेऊन एकेक टोळी बाहेर पडते आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटते. एका फटीतल्या मुंग्या स्वयंपाकघरभर होतात. शिवाय औषध फवारायचं कुठे, तर जिथे अन्न उघडं असतं तिथेच. कीटकनाशकाच्या खडूचंही तेच. रेघ निरुपद्रवी दिसते, पण त्यात डेल्टामेथ्रिनसारखं विष असतं आणि ती भुकटी हाताला, भांड्याला, लहान मुलांच्या बोटांना लागते. फडताळात तो खडू ओढण्याच्या मी सक्त विरोधात आहे.

स्प्रेवाल्यांना गप्प करायला मला एक शास्त्रीय आधारही मिळाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या घरांत अर्जेंटाइन मुंग्या कधी शिरतात याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. मुंग्यांचं येणं-जाणं मुख्यतः हवामानावर ठरत होतं. बाहेर थंडी आणि ओल असली की त्या घरात, नाहीतर कडक ऊन आणि कोरड असली की. घरातल्या औषधांचा त्यावर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे पुष्कळदा मुंग्या आपोआप जाणारच असतात आणि श्रेय मारलं जातं ते स्प्रेच्या डब्याच्या नावानं. आमच्याकडे हे मी वाचून दाखवलं. स्प्रेचा डबा तरीही कपाटात आहेच.

माझा भर असतो तो पाण्यावर आणि आमिषावर. एखादी गोष्ट बरणीत मावत नसेल तर ताटलीत पाणी घालून मधोमध तो डबा ठेवायचा. साधी युक्ती, पण तिलाही दोन छिद्रं आहेत. पाण्यावर दोन-तीन दिवसांत धूळ आणि तेलकटपणाचा पापुद्रा येतो, आणि इतक्या हलक्या प्राण्याला तो पूल पुरतो. म्हणून पाणी बदलायचं आणि त्यात साबणाचा थेंब टाकायचा, म्हणजे पाण्याचा ताण मोडतो आणि मुंगी वर तरंगत नाही, बुडते. दुसरं छिद्र म्हणजे डबा भिंतीला टेकणं. खंदक खणून मागचं दार उघडं ठेवल्यासारखं ते. दालचिनी, व्हिनेगर, लिंबू वगैरेंबद्दल मी फार बोलत नाही. वास असेपर्यंत मुंग्या बिचकतात, वास गेला की येतात.

रांग हटतच नसेल, तर आमिष. त्यातलं विष मुद्दाम मंद असतं, कारण मुंगी वाटेत मरून उपयोग नाही. तिनं ते घरी नेऊन तोंडातोंडी वाटायला हवं, राणीपर्यंत आणि अळ्यांपर्यंत. साखरपाण्यात बोरिक अॅसिड घालतात ते अर्धा ते एक टक्काच. जास्त घातलं तर त्या तोंड फिरवतात, नाहीतर लवकर मरतात, आणि दोन्हींत वस्ती शाबूत राहते. मी घरी मिश्रण करत नाही, तयार जेलचा थेंब लावते, तोही अन्नापासून दूर, रांगेच्या उगमाशी, मुलं आणि मांजर पोचणार नाहीत अशा सांदीत. ज्या दिवसांत त्यांना गोड नको असतं तेव्हा गोड आमिषाला ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा थांबायचं किंवा दुसरं आमिष बघायचं.

यातला कठीण भाग विष नव्हे, धीर आहे. आमिष लावल्यावर पहिले काही दिवस मुंग्या कमी होण्याऐवजी वाढतात, थेंबाभोवती काळा गोल जमतो, आणि हे सगळं नुसतं बघत बसायचं असतं. ना पुसायचं, ना फवारायचं, ना रांग मोडायची. जे लोक एरवी सांडलेला चहा पुसत नाहीत, त्यांना नेमकं याच दिवसांत स्वच्छतेचं भरतं येतं. मी सांदीजवळ 'इथे पुसू नये' अशी चिठ्ठी लावते. ती कुणी वाचत नाही, म्हणून आता सगळी फडकीच माझ्या कपाटात, कुलपात.